एक पत्ता, अनेक प्रती : भारसंतुलकाची मांडणी आणि संहितेची एकरूपता

1. विषयाची भूमिका

तौलनिक साहित्याचा अभ्यासक ज्या संहितांवर भिस्त ठेवतो, त्यांपैकी पुष्कळशा संहिता आता महाजालावरील संग्रहांतून त्याच्या हाती येतात. संग्रहाचा पत्ता एक असतो, त्यामुळे त्या पत्त्यामागील ग्रंथही एकच असावा, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः वाचकसंख्या थोडीफार वाढली की एकाच पत्त्यामागे अनेक सर्व्हर उभे करावे लागतात. प्रत्येक सर्व्हरवर संग्रहाची वा निदान तो दाखविणाऱ्या प्रणालीची स्वतंत्र प्रत असते. कोणत्या वाचकाला कोणती प्रत मिळावी, याचा निर्णय मध्ये बसलेली एक यंत्रणा करते. तिला लोड बॅलन्सर, म्हणजेच भारसंतुलक, असे म्हणतात. ही यंत्रणा काय करते, भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरांसमोर ती कशी मांडावी आणि तिच्या मांडणीचा संहितेच्या विश्वसनीयतेशी काय संबंध पोहोचतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी वाचकाचे एक ठिकाण निश्चित करू : छत्तीसगढमधील भिलाई येथील सेक्टर 2. ही निवड केवळ यादृच्छिक नाही. 2 फेब्रुवारी 1955 रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या सेक्टरवार वसलेल्या वसाहतीत मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, ओडिया, पंजाबी अशा नाना भाषांची कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. या प्रदेशाचा मराठीशी असलेला संबंध तर त्याहून पुष्कळ जुना आहे. 1758 पासून रतनपूर येथे बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता. 1900 साली माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. भिलाईजवळच्या राजनांदगावात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी, ही त्यांची स्थिती तौलनिक अभ्यासकांना सुपरिचित आहे. अशा प्रदेशातील मराठी वाचकाला मराठीचे समृद्ध ग्रंथालय हाताशी मिळणे कठीण असते. त्याच्यासाठी महाजालावरील संग्रह हेच पुष्कळदा एकमेव ग्रंथालय ठरते. ते ऐन गरजेच्या वेळी बंद पडले, तर त्याला दुसरे दार उरत नाही.

2. अंतराचा प्रश्न आणि गर्दीचा प्रश्न

मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुणे व मुंबई येथे, अ‍ॅमेझॉनने 2016 साली मुंबईत आणि गूगलने 2017 साली मुंबईत आपापल्या क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केली. तेव्हापासून मराठी संग्रह महाराष्ट्रातील सर्व्हरांवर ठेवणे सर्वसामान्य संस्थांनाही शक्य झाले. सेक्टर 2 मधील वाचक आणि मुंबईतील सर्व्हर यांच्यातील अंतर ढोबळमानाने 1100 किलोमीटर धरले, तर काचतंतूतून सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रकाशाला जाऊन-येऊन 11 सहस्रांश सेकंद लागतात. सुरक्षित जोडणी प्रस्थापित करून पहिले पान मागण्यास अशा किमान तीन फेऱ्या होतात, म्हणजे 33 सहस्रांश सेकंद. प्रत्यक्ष मार्ग वळणावळणाचा असल्याने हा काळ दुप्पट-तिप्पट झाला, तरी वाचकाला तो जाणवण्याजोगा नाही. सारांश, दूरच्या मराठी वाचकाची अडचण अंतरातून उद्भवत नाही. ती गर्दीतून उद्भवते.

गर्दीचे गणित एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका सर्व्हरवर आठ कामकरी प्रक्रिया आहेत आणि एका मागणीला उत्तर देण्यास प्रत्येकीला 50 सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे तो सर्व्हर सेकंदाला 160 मागण्या पुऱ्या करू शकतो. मागण्या 150 असतील, तर काम सुरळीत चालते. त्या 200 झाल्या की दर सेकंदाला 40 मागण्या शिल्लक राहू लागतात. एका मिनिटात रांगेत 2400 मागण्या साठतात आणि नव्याने आलेल्या वाचकाला 15 सेकंद ताटकळावे लागते. एवढा वेळ सहसा कोणी थांबत नाही. वाचक पान पुन्हा मागवितो, त्याची जुनी मागणी मात्र रांगेतच असते, आणि एका वाचकाच्या दोन मागण्या होतात. भार थोडासाच वाढला असूनही सेवा एकाएकी कोसळल्यासारखी का दिसते, याचे कारण या गुणाकारात आहे.

महाराष्ट्राने याचा प्रत्यय 16 जुलै 2021 रोजी घेतला. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल त्या दिवशी दुपारी 1 वाजता जाहीर झाला. 15 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकाच वेळी खुले होताच संकेतस्थळे कित्येक तास उघडेनाशी झाली. मंडळाकडून निकालासाठी एकाहून अधिक संकेतस्थळांचे पत्ते दिले जातात. हेही एक प्रकारचे भारसंतुलनच होय. फरक इतकाच, की कोणत्या दारी जावयाचे याची निवड येथे विद्यार्थ्यावर सोपविलेली असते. यादीतील पहिल्याच पत्त्यावर बहुतेकांची धाव जाते. ही निवड माणसाच्या हातून काढून घेऊन, प्रत्येक सर्व्हरची त्या क्षणीची स्थिती जाणणाऱ्या यंत्रणेकडे देणे, हे भारसंतुलकाचे मूळ प्रयोजन आहे.

3. वाटपाच्या रीती

भारसंतुलकाची कल्पना आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि पाटकरी ते पाळीपाळीने शेतांना देतो. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडावयाचा नसतो. भारसंतुलक हा असाच पाटकरी आहे. तो स्वतः पीक घेत नाही, म्हणजे कोणतेही पान तयार करीत नाही. आलेली मागणी कोणाकडे वळवावयाची, एवढेच तो ठरवितो. त्याच्या वाटपाच्या चार प्रमुख रीती आहेत.

पहिली रीत पाळीची. पहिली मागणी पहिल्या सर्व्हरला, दुसरी दुसऱ्याला, आणि शेवटच्यानंतर पुन्हा पहिल्याला. सर्व सर्व्हर समान क्षमतेचे आणि मागण्या साधारण सारख्या असतील, तर ही रीत पुरेशी होते.

दुसरी रीत भारांकित पाळीची. भिलाईच्या कारखान्याचेच उदाहरण घेता येईल. तेथील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आरंभीच्या तीन भट्ट्यांचे उपयुक्त घनफळ प्रत्येकी 1033 घनमीटर होते. 2018 साली सुरू झालेल्या ‘महामाया’ या आठव्या भट्टीचे ते 4060 घनमीटर आहे. अशा भट्ट्यांना सारखाच कच्चा माल वाटून देणे निरर्थक होय. त्याचप्रमाणे जुन्या लहान सर्व्हरला एक मागणी आणि नव्या मोठ्या सर्व्हरला चार, असे प्रमाण ठरवून देता येते.

तिसरी रीत ज्याच्याकडे कमी काम शिल्लक त्याला नवे काम देण्याची. साहित्यसंग्रहासाठी हीच रीत बहुधा इष्ट ठरते. कारण तेथील मागण्या अत्यंत विषम असतात. एका अभंगाचे पान दाखविणे क्षणाचे काम आहे. संपूर्ण गाथेत एखाद्या शब्दाची सर्व स्थाने शोधून देण्यास त्याच्या शेकडोपट वेळ लागू शकतो. केवळ पाळीने वाटप केल्यास दोन-तीन जड शोध एकाच सर्व्हरच्या वाट्याला येऊन तो अडून बसतो आणि त्याच्या मागे साधे वाचक खोळंबतात.

चौथी रीत वाचकाच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर निश्चित करण्याची. एका वाचकाला नेहमी एकच सर्व्हर मिळतो, हा तिचा गुण. मात्र मोबाइल कंपन्या आणि मोठ्या संस्था आपल्या हजारो ग्राहकांना मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांआडून जगासमोर आणतात. त्यामुळे एका वसाहतीतील असंख्य वाचक भारसंतुलकाला एकच व्यक्ती भासू शकतात आणि त्या सर्वांचा भार एकाच सर्व्हरवर पडतो.

4. मांडणीचा क्रम

प्रत्यक्ष मांडणीस आरंभ भारसंतुलकापासून करू नये, सर्व्हरांपासून करावा. प्रत्येक सर्व्हर केव्हाही काढून टाकता येईल, अशा अवस्थेत त्यांना प्रथम आणले पाहिजे. त्यासाठी सर्व्हरवर टिकून राहणारे काहीही साठवू नये. संहिता डेटाबेसमध्ये, हस्तलिखितांची छायाचित्रे सामायिक साठवणीत आणि वाचकाच्या प्रवेशाची नोंद त्या दोहोंप्रमाणेच सर्व्हरांबाहेर असावी. ही नोंद सर्व्हरच्या पोटात राहिली, तर पहिल्या सर्व्हरवर प्रवेश केलेल्या वाचकाला दुसरा सर्व्हर ओळखत नाही आणि प्रत्येक पानागणिक त्याला परवलीचा शब्द पुन्हा विचारला जातो. वाचकाला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवणे हा त्यावरचा प्रचलित, पण दुय्यम उपाय आहे. तो सर्व्हर पडताच बांधलेले सर्व वाचक त्याच्यासह बाहेर पडतात.

त्यानंतर सर्व्हरांची संख्या ठरवावी. वरील उदाहरणातील 200 मागण्यांसाठी प्रत्येकी 160 क्षमतेचे दोन सर्व्हर पुरेसे वाटतात. परंतु त्यांतील एक बंद पडताच उरलेल्यावर 200 मागण्या येतात आणि तोही कोसळतो. तीन सर्व्हर असतील, तर प्रत्येकावर सुमारे 67 मागण्या येतात आणि एक गेल्यास उरलेल्या दोघांवर प्रत्येकी 100. म्हणून संख्येचा नियम असा सांगता येईल, की एक सर्व्हर नसताना उरलेल्यांना संपूर्ण भार पेलता आला पाहिजे. हे सर्व्हर क्लाउड केंद्रातील एकाच विभागात न ठेवता वीज व जोडणी स्वतंत्र असलेल्या निरनिराळ्या विभागांत ठेवावेत.

तिसरी पायरी प्रकृती-तपासणीची. भारसंतुलक ठरावीक काळाने प्रत्येक सर्व्हरला एक पान मागतो. उत्तर नीट आले नाही, तर त्या सर्व्हरला वाटपातून वगळतो. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत मूळची योजना दर 30 सेकंदांनी तपासणी, लागोपाठ दोन अपयशांनंतर वगळणे आणि पाच यशांनंतर पुन्हा घेणे अशी आहे. वगळण्यास थोडी घाई आणि परत घेण्यास सावधगिरी, हे धोरण सयुक्तिक आहे. तपासणीचे पान कोणते असावे, यावर मात्र विचार हवा. मुखपृष्ठ स्थिर असेल, तर शोधयंत्रणा बंद पडूनही सर्व्हर ठणठणीत दिसेल. उलटपक्षी, तपासणी सामायिक डेटाबेसवर अवलंबून ठेवली, तर डेटाबेस क्षणभर मंदावताच सर्वच सर्व्हर एकदम आजारी ठरतील. यासाठी सर्व्हरच्या स्वतःच्या आरोग्याची तपासणी भारसंतुलकाने करावी आणि डेटाबेसवर देखरेख स्वतंत्रपणे ठेवावी, हे श्रेयस्कर.

चौथी पायरी दाराची. भारसंतुलकाने सुरक्षित जोडणीच्या 443 या क्रमांकावर मागण्या स्वीकाराव्यात. असुरक्षित 80 क्रमांकावर आलेल्यांना तिकडेच वळवावे. सुरक्षिततेचे प्रमाणपत्र भारसंतुलकावर ठेवल्यास ते प्रत्येक सर्व्हरवर वेगळे सांभाळावे लागत नाही. सर्व्हरांनी केवळ भारसंतुलकाकडूनच मागण्या स्वीकाराव्यात, असा अग्निभिंतीचा नियम घालावा. अन्यथा मागच्या दाराने थेट प्रवेश शक्य राहतो. या रचनेचा एक परिणाम असा, की सर्व्हरला प्रत्येक मागणी भारसंतुलकाकडूनच आलेली दिसते. मूळ वाचकाचा पत्ता एका वेगळ्या शीर्षनोंदीत पुढे पाठविला जातो आणि सर्व्हरने तो तेथून वाचावा लागतो. संग्रह कोणत्या प्रदेशांतून वाचला जातो याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही बाब दुर्लक्षिली, तर सेक्टर 2 मधील वाचकाची नोंद मुंबईच्या नावे पडेल आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचक आकडेवारीतून नाहीसा होईल.

पाचवी पायरी निरोपाची. दुरुस्तीसाठी सर्व्हर बाहेर काढताना त्याला नवे काम देणे थांबवावे, पण हाती घेतलेले काम पुरे करू द्यावे. या मुदतीचे मूळ मूल्य अ‍ॅमेझॉनच्या सेवेत 300 सेकंद आहे. यानंतरच संग्रहाचे नाव डीएनएसच्या नोंदीत भारसंतुलकाकडे वळवावे, आणि त्या नोंदीची स्मरणमुदत आधीच कमी करून ठेवावी. सर्वांत शेवटी, कोणीतरी संग्रह वाचत असताना एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा. ही चाचणी न झालेली मांडणी अपूर्णच समजावी.

आता एक स्वाभाविक शंका उरते : भारसंतुलकच बंद पडला तर? क्लाउड कंपनीची सेवा घेतली असता ती यंत्रणा अनेक विभागांत पसरलेली असते. स्वतः उभारणी करणाऱ्यांसाठी एचएप्रॉक्सी व एनजिनएक्स या मुक्त प्रणाली अनुक्रमे 2001 व 2004 पासून उपलब्ध आहेत. तेथे दोन भारसंतुलक ठेवून, एक थांबताच दुसऱ्याने तोच आयपी पत्ता धारण करावा, अशी व्यवस्था करतात. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या विकिमीडिया प्रतिष्ठानच्या सर्व्हरांवर आहे, तेथे क्लाउड कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या केंद्रांत अशीच स्तरबद्ध रचना केलेली आहे. प्रथम डीएनएस वाचकाला जवळच्या केंद्राकडे पाठवितो आणि मग त्या केंद्रातील भारसंतुलक सर्व्हर निवडतो. 2018 पासून आशियातील वाचकांसाठी सिंगापूरचे केंद्र कार्यरत आहे.

5. पाठभेदाचा नवा प्रकार

येथवरचा विचार सेवेच्या अखंडतेचा झाला. साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न पुढेच आहे. दोन वाचक, एक पत्ता, दोन सर्व्हर. या दोघांना एकच संहिता दिसते काय?

सर्व सर्व्हर एकाच आवृत्तीवर असतील, तर दिसते. परंतु प्रणाली अद्ययावत करताना सर्व्हर एकेक करून बदलले जातात, आणि काही मिनिटे वा काही तास जुने व नवे एकत्र नांदतात. मराठीसाठी या अवधीत काय घडू शकते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह लावून. दोन्ही लेखनांचे दृश्य रूप एकच असते. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन भिन्न शब्द होत. नव्या शोधप्रणालीत दोन्ही लेखने एक मानण्याची सोय आहे आणि जुनीत ती नाही, असे समजू. मग सेक्टर 2 मधील अभ्यासकाने सकाळी केलेल्या शोधात त्या शब्दाची जेवढी स्थाने मिळाली, तेवढी दहा मिनिटांनी मिळणार नाहीत. कोठेही त्रुटीचा संदेश नाही, पडद्यावरील अक्षरांत फरक नाही. केवळ मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे गेली. शब्दवारंवारतेवर उभारलेला तौलनिक निष्कर्ष अशा वेळी नकळत डळमळीत होतो.

दुसरा प्रकार विलंबाचा. डेटाबेसच्या मुख्य प्रतीत केलेली दुरुस्ती दुय्यम प्रतींत पोहोचण्यास क्षणांचा, कधी त्याहून अधिक, अवधी लागतो. मुद्रितशोधन करणाऱ्याने ओळ सुधारली आणि लगेच पान पुन्हा उघडले, तर त्याला जुनाच पाठ दिसू शकतो. दुरुस्ती झाली नाही, अशा समजुतीने तो ती पुन्हा करतो. यावर उपाय म्हणून संपादन करणाऱ्या वाचकाला काही काळ अद्ययावत प्रतीकडेच पाठविण्याची योजना करतात.

पाठचिकित्सेला प्रतींची अनेकता नवी नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती प्रतीप्रतींत शिरलेल्या भेदांमुळेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा प्रकल्प 1919 ते 1966 एवढा काळ चालला, तोही शेकडो हस्तलिखितांच्या तुलनेवर. परंतु तेथे प्रत्येक प्रतीला नाव होते, स्थान होते, तळटीपेत तिची खूण होती. भारसंतुलकामागील प्रत अनामिक आहे. तिचे अनामिक असणे हेच या यंत्रणेचे यश मानले जाते. सेवेच्या दृष्टीने जो गुण, तो संदर्भाच्या दृष्टीने दोष ठरतो.

6. निष्कर्ष

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. यापुढे जुन्या संहितांचे जे संग्रह महाजालावर येतील, त्यांच्या मांडणीत भारसंतुलन ही तंत्रज्ञांवर सोडून देण्याची बाब राहू नये. अभ्यासकांनी संग्रहचालकांकडे तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. प्रत्येक पानावर संहितेचा व शोधप्रणालीचा आवृत्तीक्रमांक दिसावा. प्रत्येक आवृत्तीला स्थायी दुवा असावा. विकिपीडियावर पानाच्या प्रत्येक जुन्या आवृत्तीला तो असतोच. आणि सर्व सर्व्हर नव्या आवृत्तीवर येईपर्यंत शोधाची उत्तरे एकाच आवृत्तीतून दिली जावीत. अभ्यासकानेही संदर्भ देताना केवळ संकेतस्थळाचा पत्ता व दिनांक न देता आवृत्तीक्रमांक द्यावा.

एवढे झाले, तर भारसंतुलकाने पुण्यातील वाचकाला एका सर्व्हरकडे आणि भिलाईतील वाचकाला दुसऱ्याकडे पाठविले, तरी दोघांच्या टिपणांत एकच पाठ उतरेल, आणि भेद दिसलाच, तर तो कोणत्या आवृत्तीतून आला हे सांगता येईल.